मर्केटरच्या समोर बसलेला माणूस

गेल्या वेळी स्पिनोझाविषयी बोलताना त्याच्या भिंगं घासण्याचा उल्लेख आला होता. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, तत्त्ववेत्त्याने भिंग घासलं की तुम्ही लोक भारावून जाता. पण ज्यांनी आयुष्यभर हातानेच काम केलं, त्यांच्यावर कधी तासभर बोललात का?" प्रश्नात टोचणी होती आणि ती रास्त होती. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून आम्ही या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही, हे आम्हाला तिथे उभ्या उभ्या जाणवलं. म्हणून आज तत्त्ववेत्ता नाही. आज तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरणारा एक माणूस घेतला आहे: योडोकस होंडियस, 1563 ते 1612.

मात्र एक आधीच सांगतो. कारागिराची आरती ओवाळायला आम्ही इथे उभे नाही. या माणसाच्या खात्यावर एक मोठं काम आहे आणि एक विश्वासघात आहे, आणि आज आपल्याला दोन्ही एकाच वेळी पाहायचं आहे.

पडद्यावर जे चित्र आहे ते आधी बघून घ्या. नंतर वाचणाऱ्यांसाठी वर्णन करतो. एका भारी नक्षीदार चौकटीत, एका टेबलाशी दोन दाढीवाले गृहस्थ समोरासमोर बसले आहेत. प्रत्येकाच्या समोर पृथ्वीगोल, प्रत्येकाच्या हातात कंपास. एक गेरार्डस मर्केटर, दुसरा आपला होंडियस. चित्र बघून वाटतं, हे दोघे वर्षानुवर्षं असेच बसून काम करत असतील. प्रत्यक्षात मर्केटर 1594 मध्ये डुइसबर्गला वारला, आणि होंडियसने त्याच्या नकाशांच्या कामाला हात घातला तो त्यानंतर दहा वर्षांनी. हे चित्र ॲटलसच्या 1613 च्या आवृत्तीत आलं. तेव्हा होंडियसही जाऊन वर्ष झालं होतं. म्हणजे टेबलाशी दोन मृत माणसं बसवली आहेत. चित्र होंडियसच्या विधवेने, कोलेटने, करवून घेतलं असं मानतात. दुकान आता तिला चालवायचं होतं, आणि मर्केटरच्या नावाशी नवऱ्याचं नाव बांधून टाकणं तिच्या धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं होतं.

या चित्रातली एक गोष्ट आम्हाला खटकत राहिली. दोघांच्याही हातात कंपास आहे. कोरणी कुठे गेली? होंडियसने उभं आयुष्य ज्या हत्यारावर काढलं, ते त्याच्या हातात नाही. मर्केटरचंही तेच. तोसुद्धा मुळात कोरणारा. त्याने आपले कितीतरी नकाशे स्वतः कोरले, आणि 1540 मध्ये नकाशावर तिरपी लॅटिन अक्षरं कशी काढावीत यावर एक पुस्तिकाही लिहिली होती. दोन कोरणारे समोरासमोर बसवले आणि दोघांच्याही हातातून कोरणी काढून घेतली. मोजणारा, विचार करणारा माणूस दाखवायचा असेल तर हातात कंपास हवा, हा त्या काळाचा समज. आजचाही तोच आहे, फक्त कंपासाच्या जागी लॅपटॉप आला.

आता त्याच्या आयुष्याकडे वळू. जन्म फ्लँडर्समधल्या वाकेन या गावचा. नाव योस्ट दे होंट. 'होंट' म्हणजे कुत्रा; होंडियस हे त्याचं लॅटिन सोंग. वाढला गेंट शहरात, आणि आठव्या वर्षापासून हातात कोरणी. तेव्हा हा प्रदेश स्पेनच्या राजाविरुद्ध पेटलेला होता. 1584 मध्ये गेंट पार्माच्या ड्यूकच्या हाती पडलं, आणि प्रोटेस्टंट पंथाच्या असंख्य कारागिरांसारखा विशीतला योस्टही लंडनला निघून गेला. म्हणजे ज्याला आपण डच कोरक्या म्हणतो तो जन्माने फ्लेमिश, आणि नाव कमवायला सुरुवात केली ती इंग्लंडात. ॲमस्टरडॅमचा तो झाला 1593 मध्ये, तिशीत. त्या काळच्या ॲमस्टरडॅमचं वैभव बऱ्याच अंशी अशा निर्वासितांच्या हातांनी घडवलं आहे.

लंडनमधली नऊ वर्षं महत्त्वाची. तिथे त्याने 1587 मध्ये कोलेट व्हॅन डेन केरेशी लग्न केलं. तिचा भाऊ पीटर याच्याच हाताखाली तयार झाला आणि पुढे स्वतः नामांकित कोरणारा ठरला. तिथेच, वागेनारच्या गाजलेल्या डच सागरी नकाशासंग्रहाची 1588 ची इंग्रजी आवृत्ती निघाली, तिचे काही पत्रे याने कोरले. आणि एमेरी मॉलिन्यूचे 1592 चे पृथ्वीगोल आणि खगोल, इंग्लंडात तयार झालेले पहिले, त्यांचं कोरीवकामही याचंच. गोल कसा छापतात? गोलावर छापता येत नाही. खरबुजाच्या फाकींसारख्या निमुळत्या कागदी पट्ट्या सपाट छापायच्या आणि गोलावर चिकटवायच्या. कडा जुळल्या नाहीत तर नदी मधेच तुटते. शिवाय सगळं पत्र्यावर उलटं कोरायचं, आरशात दिसतं तसं. आपल्याकडचे ताम्रपट आपण थेट वाचतो, तिथे अक्षर सुलटच असतं. इथे पत्रा वाचायचाच नाही, छापलेला कागद वाचायचा. त्यामुळे ज्याला शेकडो गावांची नावं उजवीकडून डावीकडे, मान न मोडता, एका लयीत कोरता येतात तो खरा. होंडियस त्यात श्रेष्ठ होता. 1594 मध्ये त्याने सुलेखनाचं एक पुस्तक प्रसिद्ध केलं. वेगवेगळ्या लेखकांची वळणं तांब्यावर उतरवलेली. त्याच्या नकाशांवरच्या समुद्रात अक्षरांचे जे शेपटे आणि वेलांट्या पसरलेल्या दिसतात, त्या नुसती सजावट नाहीत. समुद्र रिकामा असतो. डोळ्याला धरून ठेवायला तिथे अक्षरच लागतं.

इथवर सगळं छान. आता त्या प्रकरणाकडे येऊ.

लंडनमध्ये त्याची एडवर्ड राइटशी ओळख झाली. राइट केंब्रिजचा गणिती. 1589 मध्ये तो अझोर्स बेटांच्या मोहिमेवर जाऊन आला होता आणि नावाड्यांच्या नकाशांत किती चुका असतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मर्केटरने 1569 मध्ये जगाचा एक प्रचंड नकाशा काढला होता. त्याची खुबी अशी की, होकायंत्राची एकच दिशा धरून गेलात तर तुमचा मार्ग नकाशावर सरळ रेषेत उमटतो. नावाड्याला याहून काय हवं? पण नकाशा नेमका कसा काढायचा, हे आकड्यांत कोणी सांगितलं नव्हतं. साठ अंशांवरचं अक्षवृत्त प्रत्यक्षात विषुववृत्ताच्या निम्म्या लांबीचं असतं. सपाट नकाशावर ते ताणून विषुववृत्ताएवढं केलं जातं, म्हणजे पूर्व-पश्चिम दुप्पट ताण. मग दिशा बिघडू नये म्हणून तिथे उत्तर-दक्षिणही दुप्पटच ताणायला हवं. तीस अंशांवर ताण वेगळा, पन्नासवर वेगळा, प्रत्येक पायरीवर वेगळा. राइटने हे सगळे ताण बारीक बारीक पायऱ्यांनी मोजले, बेरजा केल्या, आणि कोष्टक तयार केलं. कुठलं अक्षवृत्त कुठे काढायचं, हे आता कोणीही पाहून ठरवू शकत होता. कलनशास्त्र जन्माला यायच्या आधीचं हे काम आहे, हे लक्षात घ्या.

हे हस्तलिखित राइटने होंडियसला वाचायला दिलं. अट एकच: माझ्या संमतीशिवाय यातलं काहीही छापायचं नाही. होंडियसने शब्द दिला. आणि पुढे ॲमस्टरडॅममधून, 1597 च्या सुमारास, राइटच्या रीतीने आखलेले त्याचे नकाशे बाहेर पडले. त्यांतला जगाचा नकाशा विशेष प्रसिद्ध आहे. खालच्या बाजूला चिलखत घातलेला एक ख्रिस्ती योद्धा पाप, देहवासना, सैतान, मृत्यू यांच्याशी झुंजताना दाखवला आहे. पापाशी लढणाऱ्या योद्ध्याचं चित्र, आणि ते ज्या जाळीवर उभं आहे ती जाळी दिलेला शब्द मोडून आणलेली! याहून बोचरा उपरोध आम्ही रचू शकलो नसतो.

राइटला अखेर आपलं पुस्तक 1599 मध्ये छापावं लागलं, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्याने होंडियसच्या अप्रामाणिकपणावर आणि हावेवर झोड उठवली. होंडियसने पत्रातून माफी मागितली होती, पण ती मिळमिळीत होती. राइटला ती पुरेशी वाटली नाही, आम्हालाही वाटत नाही.

आता इथे एक युक्तिवाद नेहमी केला जातो. अहो, त्या काळी स्वामित्वहक्क कुठे होता? नकाशांचा धंदाच मुळी उसनवारीवर चालायचा. एकाचा किनारा दुसरा उचलायचा, दुसऱ्याच्या कडेची चित्रं तिसरा. होंडियसच्याच अमेरिकेच्या नकाशावर मूळ रहिवासी पेय तयार करताना दाखवले आहेत. ते चित्र द ब्रीच्या संग्रहातून आलेलं. कोणी बोंब मारली नाही. मग राइटच्याच बाबतीत एवढा गहजब का?

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, पण राइटच्याच चरित्रात त्याचं उत्तर आहे. त्याची कोष्टकं होंडियसच्या आधीही छापून आली होती. थॉमस ब्लंडव्हिलने 1594 च्या आपल्या पुस्तकात ती राइटचं नाव घेऊन दिली, आणि राइटची काही तक्रार नव्हती. दुसरीकडे, एब्रहॅम केंडल नावाचा नाविक त्याचं हस्तलिखित उसनं घेऊन ड्रेकच्या शेवटच्या सफरीवर गेला आणि तिकडेच वारला. त्याच्या सामानात ते बाड सापडलं, लंडनला आलं, आणि फिरत फिरत अभिप्रायासाठी थेट राइटच्याच हातात आलं. स्वतःचंच पुस्तक, दुसऱ्याचं म्हणून! तेव्हा काय घेतलं आणि कोणी घेतलं, यावर वाद नव्हताच. ब्लंडव्हिलने विचारून घेतलं. होंडियसने 'छापणार नाही' असं तोंडाने सांगितलं आणि छापलं. त्याचा अपराध रेघ उचलण्याचा नाही, शब्द मोडण्याचा आहे. आणि दिलेला शब्द मोडू नये हे कळायला 1597 साली कोणत्या कायद्याची गरज नव्हती.

याच माणसाचं दुसरं रूप बघा. 1604 मध्ये मर्केटरच्या वारसांकडून त्याने ॲटलसचे पत्रे विकत घेतले. दाम मोजून. मर्केटरच्या मृत्यूनंतर, 1595 मध्ये निघालेल्या त्या ॲटलसात शंभरावर नकाशे होते, पण मोठी भगदाडंही होती. उदाहरणार्थ, स्पेन-पोर्तुगालचे तपशीलवार नकाशे नव्हतेच. होंडियसने तिसाहून अधिक नवे नकाशे घातले, मजकुरासाठी पेत्रुस मोंटानुस या आपल्या मेहुण्याला कामाला लावलं, आणि 1606 मध्ये ॲटलस पुन्हा बाजारात आणला. त्यातल्या हिंदुस्थानाच्या नकाशात गोवा आहे. गोव्यात राहून आलेल्या लिन्सखोटेनचं पुस्तक ॲमस्टरडॅममध्ये दहा वर्षांपूर्वीच छापलं गेलं होतं, त्यामुळे आपला किनारा तिथल्या दुकानदारांना नवा नव्हता. ॲटलस भराभर खपला. पुढल्याच वर्षी गरिबांच्या खिशाला परवडेल अशी छोटी आवृत्तीही आली. आणि या सगळ्यावर ग्रंथकर्ता म्हणून नाव मर्केटरचं. स्वतःच्या नव्या नकाशांवर होंडियसने आपली सही केली, पण ग्रंथ मर्केटरचा तो मर्केटरचाच ठेवला.

हे सौजन्य? काही अंशी असेलही. पण आम्हाला एवढं सरळ वाटत नाही. मर्केटरचं नाव विकलं जात होतं. राइटचं नाव ॲमस्टरडॅमच्या बाजारात कोणाला ठाऊक होतं? ज्या नावाने खप वाढतो त्याला श्रेय दिलं, ज्या नावाने वाढत नाही ते गिळलं. दोन्ही प्रसंगांत माणूस एकच आहे आणि हिशोबही एकच. कृतज्ञता आणि चोरी एकाच गल्ल्यातून निघू शकतात, हे मान्य करायला आम्हाला जड गेलं, पण पुरावा तसा आहे.

आणखी एक नकाशा बघू. इंग्रज दरबारी वॉल्टर रॅली 1595 मध्ये दक्षिण अमेरिकेत गियानाला जाऊन आला, सोन्याच्या शहराच्या कहाण्या घेऊन. होंडियसने 1598 च्या सुमारास गियानाचा मोठा नकाशा काढला. त्यात मधोमध एक अफाट सरोवर, पारिमे. काठाला सोन्याचं शहर, मानोआ. बाजूला मुंडकं नसलेला माणूस, डोळे-तोंड छातीवर. एक अ‍ॅमेझॉन स्त्रीही आहे. हे सरोवर कोणी पाहिलेलं नव्हतं. पण नकाशावर बघा: ओरिनोकोचं मुख, जे लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं, आणि पारिमेचा काठ, जो कोणीच पाहिला नव्हता, दोन्हींची रेघ सारखीच ठाम. तोंडाने सांगणारा "म्हणे" म्हणू शकतो, "असं ऐकलंय" म्हणू शकतो. रॅलीनेही बिनमुंडक्यांबद्दल ऐकीव म्हणूनच लिहिलं. कोरणी 'म्हणे' कोरत नाही. ते सरोवर मग एका नकाशावरून दुसऱ्यावर, असं जवळजवळ दोनशे वर्षं युरोपच्या नकाशांत टिकून राहिलं. ते निकालात निघालं एकोणिसाव्या शतकात, हुंबोल्टपासून पुढे.

मग विचारू या: हा दोष कोणाचा? रॅलीचा की होंडियसचा? 'मी तर फक्त कोरलं' असं होंडियस म्हणू शकेल का?

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल. आमचा पीएचडीचा प्रबंध तेव्हाच्या रीतीप्रमाणे टंकलेखकाकडे टाइप व्हायला दिला होता. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली ते बसायचे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पन्नाशीचे, आमच्याहून दुप्पट वयाचे गृहस्थ. चौथं प्रकरण टाइप करताना त्यांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, "साहेब, रागावणार नसाल तर सांगतो. दुसऱ्या प्रकरणात तुम्ही याच्या उलट लिहिलंय." आम्ही तरुण, विद्वत्तेची घमेंड. "काका, जसं आहे तसं टाइप करा," एवढंच म्हणालो. त्यांनी मान खाली घातली आणि टाइप केलं. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्याच विसंगतीवर बोट ठेवलं. कसंबसं निभावलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, आईवडील आहेत. काकांचं नाव नाही. पुढे गेलो तेव्हा जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन होतं.

सांगायचं हे की, हाताने काम करणाऱ्याला दिसतं. अनेकदा लेखकाच्या आधी दिसतं, कारण तो शब्दन् शब्द, रेघन् रेघ सावकाश पार करत असतो. होंडियस तर मजुरीवर बसलेला टंकलेखक नव्हता; आपल्या दुकानाचा मालक होता, काय कोरायचं ते तोच ठरवत होता. म्हणून आम्ही त्याला पारिमेच्या जबाबदारीतून मोकळं करत नाही. जे अभ्यासक आज म्हणतात की कोरणाऱ्याला निर्मात्याचा मान द्या, त्यांच्याशी आम्ही शंभर टक्के सहमत आहोत, पण मान दिला की जाब विचारण्याचा हक्कही आपोआप येतो. राइटच्या कोष्टकाचं मोल ज्याला कळलं, कोणता नकाशा नावाड्याला उपयोगी आणि कोणता निरुपयोगी हे ज्याला उमजलं, त्याला निव्वळ हात म्हणता येणार नाही. न कळता चोरी करणारा माणूस हा नव्हे. त्याला सगळं कळत होतं, म्हणून तर त्याने नेमकं तेच उचललं.

होंडियस 1612 च्या फेब्रुवारीत गेला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याचं घर आणि दुकान काल्व्हरस्ट्राट या रस्त्यावर, पाटीवर 'जागा कुत्रा'. आपल्या आडनावावर आणि गावाच्या नावावर, वाकेनवर, केलेली कोटी. हा विनोदी माणूस असावा, असं आम्हाला त्या पाटीवरून नेहमी वाटतं. कोलेटने दुकान चालवलं, मग योडोकस धाकटा आणि हेन्रिकस ही मुलं, आणि जावई यान्सोनियस. पुढे भावांचं पटलं नाही. थोरला वेगळा झाला आणि आपल्या ॲटलससाठी नवे पत्रे करू लागला. 1629 मध्ये तो वारला, आणि त्याचे चाळीसेक पत्रे कोणी घ्यावेत? विलेम ब्लाऊने. घराण्याचा कट्टर प्रतिस्पर्धी.

तांब्यावरचं नाव पुसायची एक रीत आहे. पत्रा उलटा करायचा, नावाच्या बरोबर मागे हातोडीने हलके ठोके द्यायचे म्हणजे खोलगट रेघा वर येतात, मग पुढून घासून गुळगुळीत करायचं आणि त्या जागी नवं नाव कोरायचं. ब्लाऊने तेच केलं. 1630 मध्ये त्याचा साठ नकाशांचा ॲटलस बाहेर आला, आणि त्यातल्या अनेक नकाशांवर जिथे होंडियस होतं तिथे आता ब्लाऊ आहे. किनारे तेच, डोंगर तेच, समुद्रात पसरलेल्या त्या वेलांट्याही त्याच.

असो. गेल्या वेळचे ते गृहस्थ आज मागच्या रांगेत बसलेले दिसतात. प्रश्नांची सुरुवात त्यांच्यापासूनच करू.